दिवाकरकाकांचा वळता चेंडू

नागपुरात थंडी पडली हे आमच्या घरात सगळ्यांत आधी खोबरेल तेलाला कळतं. एका सकाळी बाटली उलटी धरली तरी काही गळत नाही. आत पांढरं, मेणासारखं घट्ट काहीतरी बसलेलं असतं. आई बाटली खिडकीच्या उन्हात ठेवते आणि आपल्या कामाला लागते. मी मात्र तिथंच रेंगाळते. पावसाळाभर खुंटीला लटकून कडक झालेले बेसबॉलचे हातमोजे मऊ करायला आमच्याकडे खोबरेल तेलच वापरतात, आणि ते गोठतं नेमकं त्याच दिवसांत. मैदानाच्या कठड्यावर ओळीनं मांडलेल्या बाटल्या, त्यांच्यापाशी हात चोळत उभी असलेली माणसं, "विरघळलं काय गा?" "नाई ना अजून, थांब जरासा," असं चाललेलं. हिवाळा माझ्याकडे दरवर्षी असाच परत येतो.

यंदाही आला. सकाळी कोवळ्या उन्हात वाळक्या पानांचा धूर मैदानावर अंग पसरून बसतो, हलायचं नाव घेत नाही. हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग चढलेत. रस्त्यावरचे कुत्रे पोत्यांवर गोल होऊन झोपलेत. आणि मला पुन्हा तो एक हिवाळा आठवतो आहे, तीन-चार वर्षांपूर्वीचा, ज्यात आम्ही सगळ्यांनी मिळून एका माणसाच्या वयाबद्दल भाकितं केली आणि सगळेच्या सगळे चुकलो.

आमच्या भागात बेसबॉल खेळतात हे ऐकून बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. काही जण हसतात. हसोत. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत हा खेळ शारीरिक शिक्षणाच्या एका मास्तरांनी आणला, आणि त्यांचं कारण साधं होतं. क्रिकेटला खेळपट्टी लागते, खेळपट्टीला पाणी लागतं, रोलर लागतो, आणि हे सगळं ज्यांच्या ताब्यात होतं ते आमच्या पोरांना दिवसभर क्षेत्ररक्षण करायला लावून संध्याकाळी, अंधार पडता पडता, फलंदाजी द्यायचे. बेसबॉलला सपाट जमीन पुरते. मास्तरांनी कुणाकडे अर्ज केला नाही, विनवणी केली नाही. त्यांनी खेळच बदलला. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन, जरी मी त्यांना कधी पाहिलं नाही.

दिवाकरकाका त्या मास्तरांच्या शेवटच्या तुकडीतले. आमच्याच गल्लीत राहतात, बाबांचे दोस्त. कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर आहेत. सकाळची पाळी असली की कंपनीची बस त्यांना चौकात सोडायची आणि ते घरी न जाता, डब्याची पिशवी खांद्याला तशीच, सरळ मैदानावर यायचे. उंच, किडकिडीत, हसताना एका बाजूनं हसणारे. आणि पिचर. क्रिकेटचा बोलर धावत येतो, टप्पा टाकतो, टप्प्याची मदत घेतो. बेसबॉलच्या पिचरला यातलं काहीच नाही. एका जागी उभं राहायचं, आणि सगळं बळ खांद्यातून काढून चेंडू हवेतल्या हवेत फलंदाजापर्यंत पोचवायचा. म्हणून पिचरचा खांदा लवकर म्हातारा होतो. त्या हिवाळ्यात काकांनी चाळिशी केव्हाच ओलांडली होती.

त्यांचं शरीर एका वयाचं नव्हतंच, असं सुमनकाकू म्हणतात. सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको, आमच्या गल्लीतली सगळ्यांत मोठ्यानं हसणारी बाई. "यायचा खांदा साठीचा, गुडघे पन्नाशीचे," त्या सांगायच्या, "अन् जीभ सोळाची. मी कोणाशी लगन केलं तेच मले समजत नाई."

मला हे वाक्य आजही फार आवडतं. माणूस म्हातारा होतो असं आपण म्हणतो तेव्हा जणू एखादी बत्ती हळूहळू मंद होत जावी तसं काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे असतं. प्रत्यक्षात शरीराचे भाग आपापल्या वेळापत्रकानं जातात. नजर एकदम दगा देते, पाठ आधी कुरकुर करते मग संप पुकारते, आणि कधी कधी एखादी गोष्ट उलट वाढतच राहते, जसा धीर. या सगळ्यांची बेरीज करून हा माणूस अजून किती टिकेल हे सांगायचं, म्हणजे काम सोपं नाही.

पण आमच्या मैदानावर ते सगळ्यांनाच सोपं वाटायचं. हंगामाच्या पहिल्या रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या द्रोणांसह सगळे कठड्यावर बसत आणि जुने खेळाडू अंग मोकळं करायला उतरले की एकेकाचं भविष्य सांगायला सुरुवात होई. ही आमची रीतच होती. गुडघ्यात वाकताना कोण कुरकुरला, कुणी चेंडू उचलताना कमरेला हात लावला, सगळं टिपलं जायचं.

"याचं झालं गा या साली."

"काही नाई झालं. मागच्या साली पण तू हेच म्हणे."

"मागच्या साली मी बरोबरच होतो, त्यालेच समजलं नाई."

दिवाकरकाकांचं भविष्य तर कित्येक वर्षं ठरलेलं होतं. वेग गेला होता. आता राखीव पिचर म्हणून बाकावर बसायचं, मुख्य पिचर दमला की शेवटी थोडं टाकायचं, एवढंच. तेही बिनतक्रार बसत. मात्र त्या हिवाळ्यात पहिल्याच रविवारी त्यांनी हात फिरवला आणि कठड्यावरचे द्रोण तसेच राहिले. चेंडू सरळ निघाला, फलंदाजापाशी येता येता कुणी दोरी ओढल्यासारखा वळला आणि खाली पडला. फलंदाजानं हवेला बॅट मारली. दुसरा तसाच. तिसरा त्याहून जास्त. वीस-बावीस वर्षांच्या वयातही काकांचा चेंडू असा वळत नव्हता, असं त्यांच्याच वयाचे लोक शपथेवर सांगू लागले.

आमचा प्रशिक्षक राकेश तेव्हा तिशीचा, कमी बोलणारा. त्यानं दोन आठवडे नुसतं पाहिलं. मग एका संध्याकाळी काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या डावापासून बॉल तुमच्या हातात राहीन." इतक्या वर्षांत मोठ्या सामन्याची सुरुवात त्यांनी एकदाही केली नव्हती. आधी त्यांच्यापेक्षा वेगवान कुणी असायचा, नंतर त्यांच्यापेक्षा तरुण. त्या दिवशी ते मैदानातून डब्याची पिशवी न घेताच घरी गेले.

माझा धाकटा भाऊ प्रतीक तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि त्याला आकड्यांचं वेड लागलं होतं. परदेशातल्या मोठमोठ्या पिचरांचे आकडे इंटरनेटवर पडलेलेच असतात. ते गोळा करून त्यानं लॅपटॉपवर एक रेघ काढली होती, वय वाढतं तशी कामगिरी कशी बदलते याची. तरुणपणी चढायची, मग थोडा वेळ सपाट, मग उतार.

"ताई, हे जमत नाही," तो म्हणाला.

"काय जमत नाही? डोळ्यांनी पाहून राहिला ना?"

"पाहून राहिलो म्हणूनच म्हणतो. सगळ्यायची रेघ खाली जाते. काकाची एकट्याचीच वर काहून जाऊन राहिली?"

"कारण ते माणूस आहेत. तुझी रेघ नाही."

"माणूस आहे म्हणूनच तर खाली जाते ना!"

मी चिडले. मी लवकर चिडते, आमच्या घराण्यातच आहे ते. आमच्या बैठकीत दिवाणाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी 'जाहीर आवाहन' आधी वाचायला शिकले, बाराखडी नंतर. बाबांनी मोर्चाची, सभेची, संपाची पत्रकं वाटली, आईनं त्यांच्या घड्या घातल्या, आणि आम्ही दोघं भावंडं त्यांच्या उलट्या बाजूवर गणितं सोडवत मोठे झालो. दुसऱ्या कुणाच्या तरी मोजमापानं आपल्या माणसाची लायकी ठरवायची, हे मला ऐकवतच नव्हतं. परदेशातल्या गोऱ्या-काळ्या, पोटभर खाल्लेल्या, बर्फाच्या टबात बसणाऱ्या खेळाडूंवरून कळमेश्वरच्या फिटरचा खांदा तू कसा सांगतोस, असं मी त्याला विचारलं.

तो म्हणाला तो मुद्दा मात्र मी आजही विसरले नाही. तो म्हणाला, "ताई, लोक म्हणतात म्हातारा पिचर हुशार होते. काहून म्हणतात? कारण जो हुशार नाही झाला तो मैदानावर दिसतच नाही. तो घरी बसला. आपल्याले दिसतात ते फक्त टिकलेले. अन् टिकलेल्यायले पाहून आपण म्हणतो, पहा, वयानं काही होत नाही."

त्या वेळी मी दार आपटलं. नंतर कितीतरी दिवस ते मनात राहिलं. बेसबॉलच्या बाहेरही ते किती खरं आहे. आपण टिकलेल्यांच्या जयंत्या करतो, टिकलेल्यांची भाषणं ऐकतो आणि जिद्द असली की सगळं होतं म्हणतो. जे जिद्द असूनही घरी बसले, ज्यांचा खांदा यंत्रानं खाल्ला, त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावत नाही. माझ्या धाकट्या भावानं एका पिचरच्या निमित्तानं मला हे शिकवलं.

इकडे क्लबच्या कमिटीत वेगळंच शिजत होतं. आमचा दुसरा पिचर निखिल, एकोणीस वर्षांचा, सुसाट वेगाचा, सरळ टाकणारा. त्याच्या बाजूनं काही लोक होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं: म्हाताऱ्यांना पुढे केलं तर पोरांना मोठे सामने मिळणार कधी? पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे नियम. चाळिशी ओलांडलेल्यानं सामन्यात पिचिंग करायचं नाही, कायमचं. पुढच्या रविवारच्या बैठकीत हा ठराव येणार होता.

मी एका दमात पत्रक लिहून काढलं. मथळा: 'माणूस मोजायचा तर कामानं मोजा!' खाली लिहिलं की वयाचा दाखला पाहून माणसाला बाहेर काढणारे आज चाळिशीवर रेघ मारतील, उद्या आणखी कशावर. आमच्या वस्तीला अशा रेघांची ओळख नव्यानं करून द्यायला नको. आणि शेवटची ओळ, जिच्यावर मी सगळ्यांत खूश होते: 'दिवाकर यांचा चेंडू पाहा आणि मग बोला.' चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या. लोकांनी वाचलं. पोह्याच्या गाडीवर वाचलं. काकांच्या बाजूनं वारं फिरलं, हे स्पष्ट दिसत होतं.

बैठकीच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीला, काका आमच्या घरी आले. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हातात दोन चेंडू. बाबा पेपर वाचत होते, प्रतीक लॅपटॉपवर. काकांनी दोन्ही चेंडू दिवाणावर, उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवले.

"हात लावून पाह्य," ते मला म्हणाले.

मी लावला. "हा जुना, हा नवा."

"थे आंधळ्यालेही समजते. शिवण पाह्य."

बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याची शिवण असते. नवा चेंडू स्पर्धेसाठी त्याच दिवशी आला होता. त्याची शिवण बोटाखाली जेमतेम लागत होती. जुना चेंडू आमच्या सरावाचा. त्या वर्षी चेंडू उसवले तेव्हा नवे घेण्याऐवजी आम्ही ते चौकातल्या मोचीकडे दिले होते. गणपतभाऊ त्यांचं नाव. त्यांनी जुना दोरा काढून चपलेच्या तळव्याला घालतात तो जाड, मेण लावलेला दोरा घातला होता आणि आम्हाला सांगितलंही होतं, "जोडा टिकते तसा टिकीन." आम्ही खूश झालो होतो. त्या जुन्या चेंडूवर शिवण बांधासारखी वर आली होती.

"बोटाले पकड भेटते," काका म्हणाले. "अन् हवेतही अडकते. म्हणून वळते. मी नाई वळवून राहिलो वं पोरी. गणपत वळवून राहिला." आणि ते एका बाजूनं हसले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. "निखिल सरळच टाकते, म्हणून त्याच्या हातात फरक दिसला नाई. आत्ता नव्यानं टाकून आलो. सरळ जाते. बैलगाडीवानी."

प्रतीक लॅपटॉप बंद करून उभा राहिला. त्याची रेघ खरी ठरली होती, पण त्याचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. "काका," तो म्हणाला, "आपण हे तपासलंच नाही."

"कसं तपासशीन? ज्याच्यापाशी रोज नवा बॉल आहे त्याले हे होतच नाई. हे आपल्यालेच होते."

"राकेशला सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतो ना. पहिले तुले सांगतो, कारण तुनं छापून टाकलं."

मी पत्रकांकडे पाहिलं. "मग आता हे मागं घ्यावं लागेल."

"काहून?"

"काका, त्यात लिहिलंय, चेंडू पाहा आणि मग बोला."

काका दिवाणाच्या कडेला बसले. गुडघ्यावर हात ठेवून, शब्द शोधत असल्यासारखे. "एक सांग मले. माझा बॉल वळत होता म्हणून तो नियम वाईट होता काय? अन् आता नाई वळत, तर चांगला झाला काय?"

बाबांनी पेपर खाली केला. आयुष्यभर पत्रकं लिहिलेला माणूस, त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "शेवटची ओळ काढ वं."

लहानपणापासून मी न्यायाबद्दल जे जे वाचलं त्यात एक अशी खोच असते, जी पटकन दिसत नाही. आपल्या माणसाची बाजू मांडताना आपण त्याची गुणवत्ता पुढे करतो. बघा, हाही हुशार आहे, हाही मेहनती आहे, याला संधी द्या. ऐकायला बरं वाटतं. पण त्या वाक्यात एक अट आपणच घालून ठेवतो. हुशार नसेल तर? मेहनत करून थकला असेल तर? तेव्हा त्याला दारातून हाकललेलं चालेल का? काकांनी माझ्या वाक्याखालची फळी काढून घेतली. मला वाटलं मी पडेन, आणि पाहते तर खाली जमीन होती.

दुसऱ्या दिवशी सुमनकाकू आमच्या ओट्यावर चहा पिता पिता कुरकुरल्या. "चूप बसले असते तर एक मॅच भेटली असती की नाई? मी स्वेटर नवा आणला, मॅचसाठी. पण यायच्या पोटात काही राहीन तं शप्पथ." मग कप ठेवून स्वतःच म्हणाल्या, "बरं झालं म्हणा. नाई तं मैदानात सर्वायच्या समोर समजलं असतं." त्यांच्या आवाजात राग होता आणि त्या रागाखाली जे होतं त्याला अभिमानच म्हणावं लागेल.

रविवारी समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या. माणसं बाहेर पायरीपर्यंत. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि कुणी बोलायच्या आत काका उभे राहिले.

"माझा बॉल वळत नाई," ते म्हणाले. "दोरा वळते. राकेशले मी दाखवलं आहे. राकेश, मले सामन्यातून काढ."

राकेश खाली बघत होता. "काका, तुम्ही नसतं सांगितलं तर मी तुमच्याच हातात दिला असता."

"मालूम आहे. म्हणून सांगितलं."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "मग तर विषयच मिटला. ठराव पास करून टाकू."

"विषय इथूनच सुरू होते," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. मागच्या लोकांना ऐकू यावं म्हणून तेवढा वाढवला होता. "मले काढा. पण माझ्या बॉलसाठी काढा. वयासाठी नका काढू. बॉल उद्या सुधरला तर मी परत मागाले येईन. वय काही सुधरत नाई. वयासाठी काढलं तर मी कोणत्या तोंडानं परत येऊ?"

ज्यांनी ठराव आणला होता तेही वाईट लोक नव्हते. ते एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात मागून निखिल उठला, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो. "अध्यक्ष काका, मी चाळीसचा झालो की मलेही काढसान काय? आत्ताच सांगा, म्हणजे मी दुसरा खेळ पाहतो."

सगळे हसले. अध्यक्षही हसले. हात वर करायला सांगितलं तेव्हा ठरावाच्या बाजूनं वर झालेले थोडेसे हात अध्यक्षांनी नजरेनंच मोजले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. नियम झाला नाही. काका संघातून निघाले. एकाच बैठकीत दोन्ही गोष्टी झाल्या, आणि दोन्ही बरोबर झाल्या.

तो सामना शहराच्या दक्षिणेला, बेसाकडच्या एका नव्या अकादमीच्या मैदानावर होता. हिरवंगार गवत, पांढऱ्या रेघा, चेंडू फेकणारं यंत्र जाळीआड ठेवलेलं. निखिलनं छान टाकलं आणि आम्ही थोडक्यात हरलो. मला सामन्यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतं ते एवढं की प्रत्येक डाव संपला की निखिल धापा टाकत बाकावर यायचा आणि संघासोबत आलेले काका आपला नवा स्वेटर काढून त्याच्या उजव्या खांद्यावर घालायचे, थंडीत हात आखडू नये म्हणून. खेळ सुरू झाला की स्वेटर परत काकांच्या अंगात. सुमनकाकू माझ्या शेजारी संत्रं सोलत बसल्या होत्या. त्या पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "स्वेटर खेळला बाप्पा मॅच."

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले होते. हरलेल्या पोरांची नेहमीची बडबड चालली होती, पंचांना शिव्या, गवताला शिव्या. ते बाहेर पाहत होते. दुःख झालं नसेल असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांनी हातात येत असलेली गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं परत केली होती, आणि त्याचं वजन त्यांच्या पाठीवर दिसत होतं. वाटेत एका रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा ते मागं वळून निखिलला म्हणाले, "तिसऱ्या डावात तुझा डावा पाय लवकर टेकून राहिला होता." आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

त्यानंतरचे हिवाळे मी मोजत नाही. गणपतभाऊंना आम्ही पातळ दोरा आणून दिला, तेव्हा ते रुसले. "हा टिकीन काय?" "नाई टिकला तरी चालते, भाऊ." काकांनी चेंडू वळवायचा नाद सोडून दिला. शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूनं चौकट काढून ते एकटेच टाकत बसायचे. एक हळू, एक त्याहून हळू, मध्येच एक जरा जोरात, हात मात्र तिन्ही वेळा तसाच फिरवायचा. फलंदाज फसायला लागले. एका वर्षी ते संघात निवडले गेले, एका वर्षी नाही. निवड झाली तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत, झाली नाही तेव्हा कुणी सांत्वनाला गेलं नाही. यातही मला एक मोठेपण दिसतं.

प्रतीक आता पुण्याला नोकरी करतो. परवा फोनवर म्हणाला, "ताई, तेव्हा माझी रेघ बरोबर होती. पण ती रेघ खूप लोकायची आहे. एक माणूस पुढच्या साली काय नवीन शिकन, हे त्या रेघेत लिहिता येत नाही." मी म्हटलं, "अन् माझं पत्रक?" तो म्हणाला, "शेवटची ओळ सोडली तर चांगलं होतं." आम्ही दोघं खूप वेळ हसलो. त्याच्या आकड्यांचेही मी आभार मानते. त्यांनी मला गोड गैरसमजात राहू दिलं नाही. मोचीच्या दोऱ्याचेही मानते. आणि त्या निळ्या शर्टातल्या माणसाचे, ज्यानं मला शिकवलं की माणसाच्या बाजूनं उभं राहायचं तर त्याच्या यशाला टेकून उभं राहू नये.

आज सकाळी यंदाची निवड चाचणी होती. धुकं उतरता उतरता रांग लागली. बहुतेक पोरं कॉलेजातली, काही शाळेतली, आणि मधेच, आपल्या क्रमानं, पन्नाशीला टेकलेले दिवाकरकाका. केस आता बरेच पांढरे. राकेश शिट्टी गळ्यात घालून एकेकाला बोलावत होता.

"नाव?"

"दिवाकर."

"हात?"

"उजवा."

बस, एवढंच. दोघं एकमेकांना कित्येक वर्षं ओळखतात आणि राकेशनं त्यांना तेच विचारलं जे पुढच्या-मागच्याला विचारलं. एक नवा चेंडू त्यांच्याकडे फेकला. काकांनी तो तळहातात फिरवला, डावा पाय उचलला, हात फिरवला. चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरच्या बराच बाहेरून गेला.

"बाहेर," राकेश म्हणाला. त्या आवाजात दया नव्हती आणि घाईही नव्हती. आधीच्या पोराला त्यानं अगदी असंच सांगितलं होतं.

काका एका बाजूनं हसले आणि हात पुढे केला.

"हौ. दुसरा दे."